हरिश्चंद्राआधी फाळकेंनी वाटाण्याचं शूटिंग केलं होतं, पण ‘रोज एक फ्रेम’चा हिशोब जुळतो का?

भीमेच्या एका काठाला शिरूर तालुका आणि दुसऱ्या काठाला दौंड तालुका. दोन्हीकडे ऊस, कांदा आणि जागोजागी प्लॅस्टिकचा कागद अंथरलेली शेततळी. उन्हाळ्यात अशा एखाद्या शेततळ्याचं पाणी हिरवट पडतं. तेच पाणी काचेच्या पेल्यात घेऊन उन्हाकडे धरलं, की टाचणीच्या टोकाएवढे पांढुरके ठिपके झटके देत वरखाली करताना दिसतात. ‘पाण्यात किडं झाल्यात’ एवढं म्हणून पेला ओतून दिला जातो.

आता त्याच शेताच्या कडेला या. परसात टोकलेला वाटाणा मागच्या आठवड्यात मातीत होता, आज दोन पानं वर आलीत, थोड्याच दिवसांत तो काठीला वेटोळे घालेल. पण त्याला वाढताना कुणी पाहिलंय? दिवसभर समोर बसलात तरी काही दिसणार नाही.

पहिली गोष्ट दिसत नाही कारण ती फार लहान आहे. दुसरी दिसत नाही कारण ती फार हळू आहे.

सव्वाशे वर्षांपूर्वी सिनेमाचं यंत्र नवीन होतं. तेव्हा काही लोकांच्या डोक्यात हाच विषय होता, की डोळ्याला जे दिसत नाही ते पडद्यावर दाखवता येईल का? लंडनमध्ये एकाने पाण्याच्या थेंबातले जीव पडद्यावर आणले. मुंबईत एकाने वाटाण्याचा वेल मिनिटभरात वाढवून दाखवला. मुंबईतल्या त्या माणसाचं नाव धुंडिराज गोविंद फाळके. म्हणजे आपले दादासाहेब फाळके.

ही वाटाण्याची गोष्ट तुम्ही बहुतेक वाचली असेल. फाळकेंच्या जयंतीला व्हॉट्सॲपवर फिरते. ‘फाळकेंनी कुंडीत वाटाणा लावला, महिनाभर रोज एक फ्रेम घेतली आणि एका मिनिटाची फिल्म तयार केली.’ वाचायला भारी वाटतं. पण यात एक गडबड आहे, आणि ती पकडायला फक्त गुणाकार-भागाकार यावा लागतो.

त्याआधी थोडं लंडनला जाऊन येऊ.

जेवताना भिंग काढलं आणि थिएटर हादरलं

साल होतं १९०३, महिना ऑगस्ट. लंडनच्या अल्हाम्ब्रा थिएटरमध्ये नाचगाणी आणि कसरतींच्या कार्यक्रमासोबत एक नवीन प्रकार सुरू झाला. त्याचं नाव ‘द अनसीन वर्ल्ड’, म्हणजे न दिसणारं जग. चार्ल्स अर्बन नावाच्या फिल्म व्यावसायिकाने हा कार्यक्रम आणला होता आणि त्यातल्या फिल्म काढल्या होत्या फ्रान्सिस मार्टिन डंकन या निसर्ग अभ्यासकाने. त्याने मूव्ही कॅमेरा थेट मायक्रोस्कोपला जोडला होता.

यातली सगळ्यात गाजलेली फिल्म ‘चीज माइट्स’. एक साहेब जेवायला बसलेत. हातात पेपर, समोर चीज. साहेब भिंग घेऊन चीजकडे बघतात, आणि पुढच्या क्षणाला अख्ख्या पडद्यावर चीजमधले किडे वळवळायला लागतात. प्रत्यक्षात हे किडे धुळीच्या कणासारखे, पडद्यावर मात्र खेकड्याएवढे.

याच मालिकेत गोड्या पाण्यातला हायड्राही होता. हायड्रा म्हणजे शांत पाण्यात पानाला किंवा काडीला चिकटून राहणारा छोटा जीव. दोऱ्याच्या तुकड्यासारखं अंग आणि टोकाला बारीक दोरे. एखादा बारका जीव जवळ आला की ते दोरे त्याला डंख करतात, गुंडाळतात आणि तोंडाकडे ओढतात. त्याचे दोन तुकडे केले तर दोन्ही तुकड्यांचे पुन्हा पूर्ण हायड्रा तयार होतात.

हा जीव काही फक्त विलायतेचा नाही. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत अनेक वर्षं हायड्रावर काम चाललंय. तिथल्या शास्त्रज्ञांनी आपल्या भागातल्या एका हायड्राचं वर्णन केलं, त्या वाणाचं नावच ‘हायड्रा वल्गारिस इंड-पुणे’ असं आहे.

आता हे शूट करणं किती अवघड होतं ते बघा. मायक्रोस्कोपमधून फिल्मवर चित्र उमटायचं तर प्रचंड उजेड लागायचा. उजेड आला की उष्णता आली. काचेवर पाण्याचा एक थेंब, त्यात जीव, आणि त्यावर दिव्याचा झोत. थेंब वाळायचा, जीव मरायचा. त्यामुळे दिवा आणि थेंब यांच्यामध्ये पाण्याने भरलेली काचपेटी ठेवून उष्णता अडवायची युक्ती काढावी लागली. दुसरी कटकट म्हणजे कॅमेरा हाताने हँडल फिरवून चालायचा. हाताला जरा धक्का बसला तर पडद्यावर भूकंप. आणि तिसरी, जीव काही सांगितलेल्या जागी थांबत नाही. एक केसभर हलला की फोकसच्या बाहेर.

टिंगल करणारी फिल्म

‘द अनसीन वर्ल्ड’ गाजलं आणि त्याच वर्षी त्याची टिंगल करणारी फिल्म आली. नाव ‘द अनक्लीन वर्ल्ड’, म्हणजे घाणेरडं जग. यातही एक माणूस जेवता जेवता मायक्रोस्कोप काढून अन्न तपासतो. गोल चौकटीत दोन भुंगे फिरताना दिसतात. प्रेक्षक शिसारी येऊन बघत असतानाच दोन हात चौकटीत येतात, भुंगे उचलतात आणि त्यांना चावी देतात. भुंगे खेळण्यातले निघतात!

आज आपण एखाद्या व्हिडिओखाली ‘फेक आहे’, ‘एआयने बनवलंय’ अशा कमेंट करतो. ही शंका सिनेमाइतकीच जुनी आहे. पडद्यावर मोठं करून दाखवलेलं खरं कशावरून, हा प्रश्न १९०३ मध्येच विचारून झाला होता.

ही टिंगलफिल्म आली होती सेसिल हेपवर्थ यांच्या कंपनीतून. हे नाव लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

थेंबातला जीव आणि आपल्याकडचा नारू

साहेबाला चीजमधले किडे बघून किळस आली, इतकंच. आपल्याकडे मात्र पाण्यातल्या न दिसणाऱ्या जिवाने माणसं अंथरुणाला खिळवली होती.

शेततळ्याच्या पेल्यात झटके देत फिरणारे जे ठिपके आहेत, त्यात साधारण दोन प्रकार असतात. एक डाफ्निया, म्हणजे पाण्यातली पिसू. ती बिचारी हिरवं शेवाळ खाते आणि माशांचं खाद्य होते. दुसरा सायक्लॉप्स. डोक्यावर एकच डोळा, म्हणून ग्रीक गोष्टीतल्या एकडोळ्या राक्षसाचं नाव त्याला मिळालं. आकार एक-दोन मिलिमीटर. हा स्वतः माणसाला काही करत नाही. पण एके काळी त्याच्या पोटात नारूच्या जंताची पिल्लं असायची.

पूर्वी लोक पायऱ्यांच्या विहिरीत, बारवेत उतरून पाणी भरायचे. ज्याला नारू झालाय त्याचा पाय पाण्यात बुडाला, की जंत पाण्यात पिल्लं सोडायचा. सायक्लॉप्स ती खायचा. तेच पाणी दुसरा कुणीतरी प्यायचा. साधारण वर्षभराने त्याच्या पायावर फोड यायचा आणि त्यातून दोन-दोन फुटांचा, कधी त्याहून लांब पांढरा दोरा बाहेर यायला लागायचा. तो काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा ओढायचा, मध्येच तुटला तर पाय सुजायचा. ऐन पेरणीच्या दिवसांत घरातला कर्ता माणूस झोपून. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, हा शब्द त्यांना माहीत असेल.

यामागे सायक्लॉप्स आहे हे रशियन शास्त्रज्ञ अलेक्सी फेडचेंको यांनी १८७० मध्ये मांडलं होतं. पण माणसाला लागण त्यातूनच होते हे प्रयोगाने दाखवणं बाकी होतं. ते काम १९१३ च्या सुमारास मुंबईत झालं. परळच्या बॉम्बे बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरीत, म्हणजे आजच्या हाफकिन संस्थेत, ज्ञानेश्वर आत्माराम तुरखुड यांनी स्वयंसेवकांवर केलेल्या प्रयोगात हे सिद्ध झालं.

उपाय साधा निघाला. पाणी दाट कापडाने गाळा आणि पायरीच्या विहिरीत उतरणं बंद करा. महाराष्ट्रासह अनेक राज्यांत गावोगाव ही मोहीम चालली. भारतातला नारूचा शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये राजस्थानात सापडला आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचं प्रमाणपत्र दिलं.

आता योगायोग बघा. परळला सायक्लॉप्सवर काम चालू होतं, त्याच वर्षी, १९१३ च्या ३ मे रोजी, थोड्याच अंतरावर गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. म्हणजे एकाच शहरात एक जण थेंबात न दिसणारं शोधत होता आणि दुसरा लोकांना पडद्यावर बघायला शिकवत होता.

फाळके सिनेमाकडे वळले ते प्राण्यांची फिल्म बघून

फाळके सिनेमात कसे आले, याची ठरलेली गोष्ट अशी सांगितली जाते की ‘लाइफ ऑफ ख्राइस्ट’ बघितला आणि रामकृष्णांना पडद्यावर आणायचं ठरवलं. ते खरंच आहे. पण त्याच्या आदल्या दिवशी काय झालं ते फारसं कुणी सांगत नाही.

एप्रिल १९११, ईस्टरचे दिवस. फाळके आपल्या मोठ्या मुलाला, भालचंद्रला घेऊन गिरगावच्या अमेरिका इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये गेले. फिल्म होती ‘अमेझिंग ॲनिमल्स’, नावाप्रमाणे प्राण्यांची. पडद्यावर हलणारी जनावरं बघून पोरगं घरी आलं आणि आईला सांगायला लागलं. घरात कुणाचा विश्वास बसेना. म्हणून दुसऱ्या दिवशी फाळके सगळ्या घराला घेऊन गेले, आणि ईस्टर असल्यामुळे त्या दिवशी येशू ख्रिस्ताची फिल्म लागली होती.

तेव्हा फाळके चाळिशीत होते. जे. जे. कला महाविद्यालय, बडोद्याचं कलाभवन, फोटोग्राफी, छपाई असं बरंच काही करून झालं होतं. नुकताच छापखान्याचा धंदा सोडला होता. हातात काम नाही आणि डोक्यात सिनेमा. रोज चार-पाच तास फिल्म बघायच्या, घरी येऊन मेणबत्ती आणि भिंग घेऊन भिंतीवर चित्रं पाडून बघायची. झोप कमी, ताण जास्त. याचा परिणाम असा झाला की त्यांचे डोळेच गेले. काही दिसेना. डॉ. प्रभाकर यांनी उपचार केले आणि तीन-चार चष्मे बदलून बदलून हळूहळू नजर परत आली.

नजर परत आल्यावर त्या माणसाने केलेलं काम म्हणजे लोकांना न दिसणारी गोष्ट दाखवणं.

कुंडीतला वाटाणा

सिनेमा काढायला पैसा पाहिजे. पैसा देणारा माणूस विचारणार, तुम्हाला येतंय का? १९११-१२ मध्ये भारतात कथापट काढण्याचा धंदा नव्हता, त्यामुळे दाखवायला जुनं काम नाही. सावेदादा म्हणजे हरिश्चंद्र भाटवडेकर यांनी १८९९ मध्ये मुंबईतली कुस्ती शूट केली होती, पण ते जे समोर घडतंय ते टिपणं होतं. फाळकेंना हे पटवून द्यायचं होतं की कॅमेऱ्याने जे घडताना दिसत नाही तेही दाखवता येतं.

त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि कॅमेरा समोर लावला. ठरावीक वेळाने एक चित्र, मग थांबायचं, मग पुन्हा एक. असं महिनाभर. नंतर ती फिल्म सलग चालवली तर मातीतून कोंब वर आला, पानं उघडली, बघता बघता वेल चढला. नाव दिलं ‘अंकुराची वाढ’. साल १९१२.

ही फिल्म त्यांनी थिएटरात न लावता निवडक लोकांना दाखवली. त्यात फोटोग्राफीच्या सामानाचे व्यापारी यशवंतराव नाडकर्णी होते. आता नाडकर्णी म्हणजे कॅमेऱ्याच्या धंद्यातला माणूस. त्याला भुलवणं सोपं नव्हतं. पण वाटाणा वाढताना बघून तो कर्ज द्यायला तयार झाला. फाळकेंनी त्यासाठी स्वतःच्या आयुर्विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवल्या. पुढे पैसे कमी पडले तेव्हा सरस्वतीबाईंचे दागिने गेले. त्याच सरस्वतीबाई अंधाऱ्या खोलीत बसून कोऱ्या फिल्मला भोकं पाडायच्या, फिल्म धुवायच्या आणि युनिटच्या साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक करायच्या.

म्हणजे एका कुंडीतल्या वाटाण्यावर एका घराचं सगळं किडूकमिडूक लागलं होतं.

त्याच १९१२ साली फाळके लंडनला गेले. ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाचे संपादक कबर्न यांनी त्यांची गाठ एका स्टुडिओवाल्याशी घालून दिली. ते म्हणजे सेसिल हेपवर्थ. हो, तेच, चावीच्या भुंग्यांची फिल्म काढणाऱ्या कंपनीचे. हेपवर्थनी फाळकेंना आपल्या स्टुडिओत काम कसं चालतं ते बघू दिलं. फाळके विल्यमसन कॅमेरा घेऊन परत आले.

आता हिशोब करू

तर मूळ मुद्दा. ‘महिनाभर रोज एक फ्रेम, आणि एका मिनिटाची फिल्म.’

मूकपटाच्या काळात फिल्म साधारण सेकंदाला १६ फ्रेम या वेगाने चालायची. म्हणजे एका मिनिटाला ६० गुणिले १६, बरोबर ९६० फ्रेम.

रोज एक फ्रेम घेतली तर महिन्यात होतात ३०. पडद्यावर ती चालणार दोन सेकंदांपेक्षाही कमी. शिंक आली तर संपून जाईल. फिल्मच्या पट्टीचा तो तुकडा जेमतेम सव्वा हात लांब भरेल.

उलट्या बाजूने बघा. रोज एक याप्रमाणे ९६० फ्रेम करायच्या तर ९६० दिवस लागतील, म्हणजे अडीच वर्षांहून जास्त. वाटाणा तीन-चार महिन्यांत शेंगा देऊन वाळून जातो.

मग एक मिनिटाची फिल्म महिन्यात करायची तर काय करावं लागेल? ९६० भागिले ३०. रोज ३२ फ्रेम. चोवीस तासांत ३२ म्हणजे दर ४५ मिनिटांनी एक. रात्र सोडून फक्त बारा तास उजेडात काम केलं, तर साधारण दर साडेबावीस मिनिटांनी एक.

म्हणजे ‘रोज एक फ्रेम’ आणि ‘एक मिनिट’ ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असू शकत नाहीत. एकतर फिल्म दोन सेकंदांची होती, किंवा फ्रेम रोज एकापेक्षा कितीतरी जास्त होत्या.

आता कुणी म्हणेल, एका वेळी हँडलचा एक पूर्ण फेरा मारला असेल. त्या काळच्या बहुतेक कॅमेऱ्यांत एका फेऱ्याला ८ फ्रेम जायच्या. तरी महिन्यात २४० फ्रेम होतात, म्हणजे १५ सेकंद. शिवाय आठही फ्रेम सारख्याच, त्यामुळे वाटाणा दर अर्ध्या सेकंदाला एक उडी मारल्यासारखा वाढेल.

आणखी एक गोष्ट. वाटाण्याचे तणावे सरळ वर जात नाहीत. आधार शोधत हवेत गोल गोल फिरतात आणि एक फेरा काही तासांत होतो. डार्विनने एकोणिसाव्या शतकातच वेलींच्या या फिरण्यावर अख्खा ग्रंथ लिहिला होता. रोज एकच फोटो घेतला तर हे फिरणं पकडताच येणार नाही. तणावा आज डावीकडे, उद्या उजवीकडे असा थरथरताना दिसेल. तो आधार शोधतोय असं वाटायला हवं असेल तर तासाभरात एखादा तरी फोटो लागतो.

या हिशोबाने फाळकेंचं काम लहान होत नाही. उलट मोठं होतं. रोज सकाळी चहा पिऊन एक क्लिक, असं ते काम नव्हतंच. मिनिटभराचा वाटाणा हवा असेल तर दिवसातून तीस-बत्तीस वेळा कुंडीपाशी जावं लागतं, तेही महिनाभर, कॅमेरा जरासुद्धा न हलवता. आणि हे सगळं नुकतीच नजर परत आलेल्या डोळ्यांनी.

जगातली पहिली टाइमलॅप्स?

फॉरवर्डमध्ये हेही येतं, की फाळकेंनी टाइमलॅप्स शोधून काढलं. तसं नाही. जर्मनीत विल्हेल्म फेफर या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९०० च्या आसपासच झाडांच्या हालचालींच्या अशा फिल्म काढल्या होत्या. १९१० मध्ये इंग्लंडमध्ये पर्सी स्मिथची ‘द बर्थ ऑफ अ फ्लॉवर’ आली, त्यात कळ्या पडद्यावर उमलतात. फ्रान्समध्ये जाँ कोमाँदाँ या डॉक्टरने १९०९ मध्ये मायक्रोस्कोपला कॅमेरा जोडून सिफिलिसचे जंतू हलताना दाखवले होते.

फाळकेंचं वेगळेपण दुसरीकडे आहे. फेफर आणि कोमाँदाँ यांच्यामागे प्रयोगशाळा होत्या, स्मिथच्या मागे अर्बनची कंपनी होती. फाळकेंच्या मागे एक मुंबईतलं घर होतं आणि गहाण ठेवलेले कागद. त्यांनी विज्ञानाची फिल्म काढली ती पुराव्यासाठी. माझ्या हातात हे यंत्र चालतं, हे सांगायला त्यांनी देवदेवता न घेता वाटाणा घेतला, कारण वाटाण्याला अभिनय करता येत नाही.

आज ‘अंकुराची वाढ’ बघायला मिळत नाही. पण त्यांची शिकवायची हौस पुढेही दिसते. पडद्यामागे काय चालतं हे दाखवणारी फिल्म त्यांनी १९१७ च्या सुमारास काढली. तिचे काही तुकडे टिकलेत. त्यात खुद्द फाळके कलाकारांना सूचना देताना आणि फिल्म तपासताना दिसतात.

तुम्हालाही करून बघता येईल

फाळकेंना जे करायला विमा गहाण ठेवावा लागला ते आज खिशातल्या मोबाईलवर होतं. शिरूर-दौंडच काय, कुठल्याही गावात.

वाटाणा रात्रभर भिजवा आणि पारदर्शक ग्लासात, काचेला चिकटून पेरा. म्हणजे मुळंही दिसतील. जुना मोबाईल पक्का बसवा, चार्जरला लावा, आणि ठरावीक अंतराने फोटो काढणारं ॲप टाकून दर ४५ मिनिटांची वेळ लावा. उजेड सारखा राहील अशी जागा बघा, खिडकीतला उजेड बदलला की व्हिडिओ लुकलुकतो. सेकंदाला १६ फोटो या वेगाने जोडा. महिन्याने मिनिटभराची फिल्म तयार. घाई असेल तर मटकी घ्या, तिला मोड दोन दिवसांतच येतात.

थेंबासाठी शाळेतला मायक्रोस्कोप पुरतो. नसेल तर कागदाच्या घडीचा फोल्डस्कोप आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातले भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ मनू प्रकाश यांच्या टीमने तो बनवलाय, आणि तो मोबाईलच्या कॅमेऱ्याला जोडता येतो. पाणी शेततळ्याचं किंवा हौदाचं घ्या. नदीतलं घ्यायचं तर जरा जपून. पुण्यातून येणारी मुळा-मुठा याच पट्ट्यात भीमेला मिळते आणि येताना शहराचं सांडपाणी घेऊन येते. त्या पाण्यात हात घालायची हौस नको.

हे एकदा स्वतः केलं की आणखी एक फायदा होतो. उद्या फीडवर ‘दहा दिवसांत रोपटं असं वाढलं’ म्हणून व्हिडिओ आला, तर काय बघायचं ते कळतं. खऱ्या टाइमलॅप्समध्ये उजेड थोडा तरी बदलतो. शेंडा गोल फिरतो. बऱ्याच झाडांची पानं रात्री मिटतात, सकाळी उघडतात. मातीला भेग पडते, कुंडीवर पाण्याचा डाग येतो. फुगा फुगवल्यासारखं एका दमात, सरळ रेषेत झाड वर गेलं तर समजायचं, कुणीतरी भुंग्याला चावी दिलीय.

थोडक्यात काय, तर फाळकेंचा वाटाणा खरा होता, मेहनत खरी होती, फक्त फॉरवर्डमधला आकडा चुकीचा होता. तो आकडा इतकी वर्षं फिरतोय कारण कुणी १६ ला ६० ने गुणलं नाही. पुढच्या ३० एप्रिलला, फाळकेंच्या जयंतीला, तो मेसेज पुन्हा येईल. तेव्हा खाली फक्त एवढंच लिहा, ‘रोज एक नाही, बत्तीस.’